क्षार गिझरमध्ये पोचण्याआधी: नाशिकच्या लॉज, हॉस्पिटल आणि ऑफिस इमारतींसाठी जड पाण्याचं व्यवस्थापन

नाशिकमधल्या बऱ्याच व्यावसायिक इमारतींच्या जमिनीखालच्या टाकीत तीन प्रकारचं पाणी एकत्र होतं: महापालिकेचं नळाचं, आवारातल्या बोअरचं आणि दोन्ही कमी पडलं की टँकरचं. नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, म्हणून तुलनेनं मऊ. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं, म्हणून ते जड होतं. टँकर कोणत्या विहिरीवर भरला त्यावर त्याचा जडपणा ठरतो, आणि ती विहीर दर फेरीला तीच असेल याची खात्री नसते. हे मिश्रण महिन्यागणिक बदलतं. ऑगस्टमध्ये ज्या इमारतीत काही त्रास नाही, तिथे मे महिन्यात शॉवरची भोकं बुजतात, गिझरच्या कॉइल जळतात आणि सोलारचं पाणी कोमट येऊ लागतं.

मग प्लंबर येतो, ॲसिड मारतो, आठ-दहा महिने बरे जातात आणि परत तेच. प्रत्येक खेपेला ॲसिड थोडा क्षार खातं आणि थोडी पाइपलाइनही खातं. म्हणून माझं ठाम मत असं की क्षार काढण्यावर जेवढा खर्च होतो त्यातला बराचसा तो बसू न देण्यावर व्हायला हवा. त्यासाठी सगळ्या इमारतीचं पाणी मऊ करायची गरज नसते. जे पाणी तापणार आहे किंवा ज्याची वाफ होणार आहे, तेवढंच मऊ केलं तरी बहुतेक त्रास थांबतो.

थर नेमका कुठे आणि का बसतो

जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं कॅल्शियम कार्बोनेट, जे पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते सगळ्यात गरम पृष्ठभागावर चिकटतं. म्हणून गार पाण्याच्या पाइपात वर्षानुवर्षं फारसं काही होत नाही आणि त्याच पाण्यावरच्या गिझरची कॉइल मात्र एका हिवाळ्यात पांढरी होते. साधारण ६० अंशांच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडली की लॉजवाले थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. वर्षभरातला निम्मा थर त्या दोन महिन्यांतच चढला तरी नवल वाटायला नको.

क्षारामुळे वीजबिल वाढतं असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. साध्या इलेक्ट्रिक गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. तिथे खरं नुकसान असं की थराखाली कॉइल अति तापते आणि फुटते. हीट पंप (हवेतली उष्णता पाण्यात नेणारं यंत्र), बॉयलर, प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) यांची गोष्ट वेगळी. तिथे थर उष्णतेच्या वाटेत आडवा येतो आणि इंधन किंवा वीज सरळसरळ वाया जाते. पैसे कुठे आधी घालायचे हे यावरून ठरवा: हीट पंप आणि बॉयलर पहिले, गिझर नंतर.

पहिलं काम: मोजा, आणि टीडीएस मीटर बाजूला ठेवा

टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतो. त्यात थर बसवणारे किती आणि निरुपद्रवी किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं मशीन, कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे सॉफ्टनर उत्तम चालत असतानाही टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. ‘मशीन बसवलं तरी मीटरवर आकडा तोच’ म्हणून चांगले सॉफ्टनर बंद करून ठेवलेले आढळतात. हा गैरसमज आधी मालकाच्या आणि मग ऑपरेटरच्या डोक्यातून काढा.

मोजायचा तो हार्डनेस, म्हणजे जडपणा, आणि त्यासाठी थेंबांचं साधं किट पुरतं. नमुन्याच्या पाण्यानं बाटली दोनदा विसळून खुणेपर्यंत भरा. त्यात बफरचे थेंब टाका. याला अमोनियाचा उग्र वास येतो, बाटली नाकाजवळ नेऊ नका. मग इंडिकेटर घाला. पाणी जड असेल तर ते वाइनसारखं लाल होतं. आता तिसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब-थेंब टाका आणि प्रत्येक थेंबानंतर हलवा. लालाचा जांभळा होईल, तिथे थांबू नका. जांभळ्यातली लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की झालं. थेंब मोजून किटवर दिलेल्या आकड्यानं गुणा. सॉफ्टनरनंतरचं पाणी इंडिकेटर टाकताक्षणीच निळं झालं तर त्यात जडपणा जवळपास शून्य आहे.

नमुने वेगवेगळे घ्या: नळाचं, बोअरचं, टँकर रिकामा करताना त्याचं आणि वरच्या टाकीतलं मिश्रण. साधारण १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर पाणी जड आणि ३०० च्या वर फार जड समजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पण ही पिण्याची मर्यादा झाली. २०० चं पाणी पोटाला ठीक असलं तरी हीट पंपाला त्रासच देतं.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणी करून घ्या. हार्डनेसबरोबर अल्कॅलिनिटी (बायकार्बोनेटसारख्या क्षारांचं प्रमाण), लोह, क्लोराइड आणि सिलिका मागा. आपल्याकडच्या पाषाणातल्या बोअरला सिलिका विचारायलाच हवी, कारण तिचा थर काचेसारखा कडक असतो आणि नेहमीच्या ॲसिडला दाद देत नाही.

मिश्रणाचा हिशेब

समजा नळाचं पाणी १०० आहे, बोअरचं ५००. पावसाळ्यानंतर टाकीत ६० टक्के नळाचं आणि ४० टक्के बोअरचं असेल तर मिश्रण २६० येतं. उन्हाळ्यात प्रमाण ३०-७० झालं की तेच ३८०. यंत्रणा या उन्हाळ्यातल्या आकड्यावर ठरवायची. कोटेशन देणारा माणूस ऑक्टोबरमध्ये नमुना घेऊन गेला असेल तर त्यानं सुचवलेला सॉफ्टनर एप्रिलमध्ये अपुरा पडणार, हे लिहून ठेवा.

जमेल तिथे पाणीच वेगळं करा. जमिनीखालच्या टाकीला दोन कप्पे असतील तर नळाचं पाणी एका कप्प्यात घेऊन ते गरम पाण्याच्या लाइनला द्या, आणि बोअरचं फ्लश, फरशी, बागेला. कित्येक इमारतींत एवढ्या प्लंबिंगवर काम भागतं आणि सॉफ्टनर लागतच नाही. छतावरच्या पावसाच्या पाण्यात जडपणा जवळपास नसतो. पहिल्या सरी सोडून देऊन, गाळून ते टाकीत घेता आलं तर जून ते सप्टेंबर सॉफ्टनरला चांगलीच विश्रांती मिळते.

सॉफ्टनर केवढा हवा

४० खोल्यांचा लॉज घ्या. खोलीमागे रोज १०० लिटर पाणी गिझर किंवा सोलारमधून जातं असं धरलं तर दिवसाला ४,००० लिटर. मिश्रण ३८० असेल तर रोज १,५२० ग्रॅम जडपणा काढायचा आहे. सॉफ्टनरमध्ये जडपणा पकडणारे बारीक मणी असतात, ते रेझिन; ते भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा कामाला लावायचे, ते रीजनरेशन. एक लिटर रेझिन एका रीजनरेशनमध्ये साधारण ५० ग्रॅम काढतं असं धरून चाला. विक्रेता जास्त सांगेल, पण तो आकडा नव्या रेझिनचा आणि भरपूर मिठाचा असतो. ७५ लिटर रेझिन म्हणजे ३,७५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ९,८०० लिटर पाणी. दर ८,००० लिटरला, म्हणजे दिवसाआड, रीजनरेशन ठेवलं की हाताशी थोडी शिल्लक राहते. लिटरमागे १२० ग्रॅम धरलं तर प्रत्येक वेळी ९ किलो मीठ लागेल.

आता हेच सगळ्या इमारतीसाठी करायचं म्हटलं आणि रोजचा वापर १६,००० लिटर असला, तर रेझिन, मीठ आणि गटारात जाणारं खारं पाणी हे सगळं चौपट. फ्लशच्या टाकीत मऊ पाणी ओतून कोणाचं भलं होत नाही.

दुसरा हिशेब प्रवाहाचा, आणि तो हमखास राहून जातो. रेझिनमधून तासाला त्याच्या आकारमानाच्या २० ते ३० पट पाणी जावं. ७५ लिटरला ते १,५०० ते २,२५० लिटर होतं. खालच्या टाकीवरचा पंप यापेक्षा खूप जास्त पाणी फेकत असेल तर ते रेझिनला न भेटताच पुढे जातं आणि सॉफ्टनर ‘फेल’ ठरतो. पंपाचा प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं. सॉफ्टनर खालच्या टाकीच्या आणि गरम पाण्याच्या वेगळ्या ओव्हरहेड टाकीच्या मध्ये बसवा. म्हणजे सकाळी सहा ते आठची गर्दी टाकी सांभाळते आणि सॉफ्टनर आपल्या गतीनं चालतो. नाशिकच्या लॉजवाल्यांनी २०२७ च्या सिंहस्थाचा हिशेबही आत्ताच करावा. खोलीत दोनाऐवजी चार-पाच माणसं उतरली की पाण्याचा वापर दुप्पट होतो आणि दिवसाआडचं रीजनरेशन रोजचं होतं.

बाहेर येणारं शून्य जडपणाचं पाणी आंघोळीला थेट देऊ नका. साबण जाता जात नाही असं लोकांना वाटतं, आणि फार मऊ पाणी लोखंडी पाइपांना त्रास देतं. बायपासचा व्हॉल्व्ह थोडा उघडून ५० ते ८० च्या दरम्यान ठेवा. लाँड्री आणि वाफेच्या बॉयलरला मात्र पूर्ण मऊ पाणीच द्या. पिण्याची आणि स्वयंपाकाची लाइन सॉफ्टनरच्या आधीच तोडून घ्या: दर १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. हॉस्पिटलमध्ये मीठ वर्ज्य असलेले रुग्ण असतात, तिथे यात ढिलाई नको.

रीजनरेशन, घाई न करता

बऱ्याच ठिकाणी मशीन ठीक असतं, पण ते चालवणाऱ्याला कोणी नीट शिकवलेलं नसतं. हातानं फिरवून पाण्याची वाट बदलायच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हवर क्रम असा. आधी बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेनं पाणी सोडून धुणं, दहा ते पंधरा मिनिटं, ड्रेनचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. ड्रेनमध्ये बारीक सोनेरी मणी दिसले तर रेझिन वाहून जातंय, प्रवाह कमी करा. मग ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, साधारण दहा टक्क्यांचं, किमान अर्धा तास, सावकाश. इथेच घाई होते. ब्राइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दहा मिनिटांत टाकी रिकामी केली तर मीठ रेझिनला न लागता गटारात जातं. त्यानंतर तेवढाच वेळ साध्या पाण्याचा संथ रिन्स, मग पाच-दहा मिनिटं जोराचा रिन्स, आणि थेंबांच्या किटनं तपासणी. निळं आलं की सर्व्हिसवर घ्या. किट न वापरता सर्व्हिसवर घ्यायचं नाही, हा नियम पंपरूमच्या दारावर लिहा.

मीठ स्वच्छ खड्यांचं वापरा. मातकट मिठाचा गाळ ब्राइन टँकच्या तळाशी साचतो आणि तिथून रेझिनमध्ये जातो; महिन्यातून एकदा टँक रिकामा करून धुवा. बोअरच्या पाण्यात लोह ०.३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सॉफ्टनरच्या आधी लोह काढणारा फिल्टर हवाच, नाहीतर रेझिन तांबूस होऊन निकामी होतं. पावसाळ्यात टाकीत हायपोक्लोराइट ओतताना हात आखडता ठेवा. जास्त क्लोरीन रेझिनला हळूहळू फोडतं.

रीजनरेशनचं खारं पाणी बागेत सोडू नका, झाडं जळतात. पाऊस मुरवण्याच्या खड्ड्यात तर अजिबात नको, तेच पाणी उद्या आपल्याच बोअरमधून वर येईल. इमारतीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर ते एकदम न ओतता टाकीत साठवून थोडं-थोडं सोडा, कारण एकदम आलेल्या मिठानं तिथले जिवाणू मरतात. पावसाच्या नाल्यात सोडलेलं पाणी गोदावरीतच जातं. त्या नदीच्या काठावर आपण धंदा करतो, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

तापमानाची ओढाताण

थर कमी बसावा म्हणून थर्मोस्टॅट ४५ वर आणा असा सल्ला मिळतो. घरच्या गिझरला तो चालेल. लॉज आणि हॉस्पिटलमध्ये तो धोक्याचा आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, आणि क्षाराच्या खडबडीत थरात त्यांना आयता आसरा मिळतो. मोठ्या साठवण टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवा, ७०-७५ वर नको, आणि बाथरूमपाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाहुण्याला भाजणार नाही एवढंच गरम द्या.

सोलारमध्ये तापमान आपल्या हातात नसतं. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या असल्या की नळ्यांतलं पाणी दिवसभर उकळत्या तापमानाजवळ राहतं आणि थर झपाट्यानं चढतो. कमी वापराच्या दिवसांत काही पॅनेल झाकून ठेवा. तांब्याच्या पाइपांचे फ्लॅट प्लेट कलेक्टर जड पाण्यावर थेट चालवू नयेत. बारीक पाइप एकदा बुजले की मोकळे होणं अवघड. तिथे हीट एक्स्चेंजर असलेली बंद फेऱ्याची यंत्रणा घ्या. काचेच्या नळ्या धुवायच्या त्या पहाटे. तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते.

बसलेला थर काढायचा झाला तर

आधी थर कसला आहे ते बघा. खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसली तर कार्बोनेट, सौम्य ॲसिडनं निघेल. फसफसली नाही तर सिलिका, सल्फेट किंवा गंज असू शकतो. ॲसिड ओतत बसण्याऐवजी खपली प्रयोगशाळेत द्या.

बाजारात सहज मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रं पाडतं आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपाचं जस्त खातं. प्लेट हीट एक्स्चेंजर आणि स्टीलच्या टाकीत ते कधीच नको. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिडचं पाच टक्क्यांचं द्रावण छोट्या पंपानं फिरवा. फेस थांबला आणि पीएच चढेना, तरी क्षार संपलाच असं समजू नका, एखाद्या जागी थर घट्ट असू शकतो. उलट दिशेनंही फिरवून बघा. पीएच पट्टीवर द्रावण दुबळं झालेलं दिसलं तर नवं घाला. शेवटी धुण्याच्या सोड्यानं द्रावण उदासीन करून, पीएच ६ ते ८ आल्यावरच सोडा, आणि लाइन भरपूर पाण्यानं धुवा.

ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर किंवा टॉयलेट क्लीनर येता कामा नये. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद पंपरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून टाकीत किंवा खड्ड्यात एकट्या माणसाला उतरवू नका. प्लंबर ‘नेहमी असंच करतो’ म्हणाला तरी.

गिझर उघडताना एमसीबी बंद करून त्यावर पाटी लावा, पाणी काढा, फ्लँज सोडवा. आतली टाकी काचेच्या लेपाची असेल तर हातोडी-छिन्नी लावू नका. लाकडी पट्टीनं खपल्या ओढून घ्या. मॅग्नेशियमचा ॲनोड झिजून तार उरली असेल तर बदला, गॅस्केट नवीनच घाला. टाकी पूर्ण भरून नळातून सलग पाणी येऊ लागल्यावरच वीज सुरू करा. कोरडी कॉइल मिनिटभरात जाते. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ हलवून बघायला विसरू नका. क्षारानं तो चिकटला असेल तर गिझर दाबानं फुटू शकतो, आणि सबंध कामातली ही एक तपासणी माणसाच्या जिवाशी जोडलेली आहे.

कूलिंग टॉवर असेल तर

एसीच्या चिलरचं पाणी गार करणाऱ्या या टॉवरमध्ये फक्त शुद्ध पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहून दाट होत जातात. म्हणून काही पाणी सतत बाहेर सोडावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. तासाला १,००० लिटर वाफ होत असेल आणि क्षार चौपट होऊ द्यायचे असतील तर ३३३ लिटर सोडावं लागेल. दुप्पटच होऊ दिले तर १,००० लिटर, सहापट होऊ दिले तर २००. टंचाईत पाणी वाचवायला ब्लोडाउन बंद केला की महिन्याभरात चिलरच्या कंडेन्सरवर थर चढतो. कंडक्टिव्हिटीवर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावर) चालणारा व्हॉल्व्ह बसवा आणि सिलिका टॉवरमध्ये १५० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

पाइपावर बांधायच्या यंत्रांबद्दल

चुंबकाची, इलेक्ट्रॉनिक लहरींची यंत्रं कॅल्शियम काढत नाहीत. थर चिकटू देत नाही असा त्यांचा दावा असतो. परिणामांबद्दल एकमत नाही. घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी दोन सारख्या गिझरवर, एकावर यंत्र लावून आणि एकावर न लावता, तीन महिने चालवा आणि दोन्ही कॉइल उघडून शेजारी ठेवा. फॉस्फेटच्या गोळ्या छोट्या गिझरला, मध्यम जड पाण्याला बऱ्या. खूप तापलेल्या पाण्यात त्यांचा गुण टिकत नाही, त्यामुळे बॉयलरला त्यांचा उपयोग नाही.

वही आणि करार

पंपरूममध्ये एक वही टांगा. रोज तारीख, नळ-बोअर-टँकर यांपैकी काय आलं, सॉफ्टनरच्या आधीचा आणि नंतरचा हार्डनेस, मीटरचं रीडिंग, मीठ किती घातलं. मीठ कमी होत नसेल आणि आकडे मात्र छान असतील, तर आकडे घरी बसून लिहिलेले आहेत असं समजा.

देखभालीचा करार करताना ‘महिन्यातून एक भेट’ एवढ्यावर सही करू नका. सॉफ्टनरनंतरचा हार्डनेस किती राहील ते करारात आकड्यानं लिहून घ्या, आणि भेटीच्या वेळी तो तुमच्या किटनं, तुमच्या माणसासमोर मोजला जाईल अशी अट घाला. मार्च ते जून भेटी दुप्पट मागा. रेझिन बदलताना किती लिटर भरलं ते पोती उघडण्याआधी मोजून घ्या, आणि जुन्या व्हेसलमध्ये (रेझिनच्या टाकीत) खाली किती गारगोटी होती याचा फोटो काढून ठेवा.